एकाच तलावात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पुन्हा पुन्हा का येतो: कारण शोधण्याची आणि वाट बंद करण्याची पद्धत

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीकाठच्या कोळंबी प्रकल्पांतून येणारी एक तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत असते. बीज, म्हणजे तलावात सोडायची पिल्ले, नामांकित हॅचरीचे (पिल्ले तयार करणाऱ्या केंद्राचे) होते, विषाणूचा अंश शोधणाऱ्या पीसीआर चाचणीचा अहवाल निगेटिव्ह होता, दीड महिना खाणे आणि वाढ उत्तम होती, आणि मग तीन-चार दिवसांत तलाव गेला. त्यानंतर तलाव सुकवला, चुना टाकला, दुसरीकडून बीज आणले, तरी पुढच्या पिकात पुन्हा तेच झाले. ही तक्रार घेऊन येणारा प्रकल्पधारक बहुतेक वेळा "आता कोणते औषध टाकू" असे विचारतो. व्हाइट स्पॉट विषाणूवर औषध नाही, त्यामुळे या प्रश्नाला उपयोगी उत्तरही नाही. विषाणू तलावात कोणत्या वाटेने आला, हा प्रश्न मात्र सुटू शकतो, आणि तो सोडवण्यासाठी लागणारी बरीचशी माहिती प्रकल्पाच्या नोंदवहीतच असते. पहिली मर बीज सोडल्यानंतर कोणत्या दिवशी दिसली, तलावाच्या कोणत्या बाजूला दिसली आणि त्याआधीच्या आठवड्यात काय घडले होते, या तीन नोंदी असतील तर शोध निम्मा संपतो.

विषाणूची थोडी ओळख आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व आशियात प्रकट झालेला हा रोग १९९४ च्या सुमारास भारतात पोहोचला आणि पूर्व किनाऱ्यावरील टायगर कोळंबीचे संवर्धन त्याने मोडकळीस आणले. २००९ पासून व्हेनामी या परदेशी जातीच्या कोळंबीला मोठ्या प्रमाणावर परवानगी मिळाल्यानंतर पुष्कळांचा असा समज झाला की विशिष्ट रोगजंतूमुक्त, म्हणजे एसपीएफ, जनक साठ्यापासून आलेल्या बीजाला हा रोग होत नाही. हा समज चुकीचा आहे. एसपीएफ म्हणजे त्या साठ्यात ठरावीक रोगजंतू नाहीत एवढेच. तलावात विषाणू भेटला तर ही कोळंबी टायगरइतक्याच सहज मरते. विषाणू आकाराने मोठा, आवरणयुक्त आणि दुपदरी डीएनए असलेला आहे. तो कल्ले, कवचाखालचा थर, रक्तपेशी आणि लसिकाग्रंथी यांत वाढतो, आणि लक्षणे दिसू लागल्यापासून तीन ते दहा दिवसांत तलावातील जवळजवळ सर्व कोळंबी मारू शकतो. तो फक्त कोळंबीचा नाही. खेकडे, शेवंड, जवळा, करंदी आणि तलावाच्या पाण्यातील कितीतरी सूक्ष्म कवचधारी जीव तो बाळगतात, आणि त्यांतील अनेकांना त्याचा काही त्रास होत नाही. माणसाला हा विषाणू बाधत नाही, ही बाब ग्राहकांना वेळोवेळी सांगावी लागते.

हा तोच रोग आहे का

नावामुळे होणारा घोटाळा आधी दूर करावा. पांढरे ठिपके दिसले म्हणजे हा रोग असे नाही, आणि ठिपके दिसले नाहीत म्हणजे हा रोग नाही असेही नाही. टायगर कोळंबीच्या शिरकवचावर अर्ध्या ते दोन-तीन मिलिमीटरचे ठिपके सहसा स्पष्ट दिसतात. व्हेनामीत ते अंधुक असतात किंवा मर सुरू होईपर्यंत दिसतच नाहीत, आणि त्याऐवजी अंग व शेपटी गुलाबी-लालसर होते. शिरकवच सोलून, आतील पापुद्रा नखाने खरवडून, ते उजेडासमोर धरल्यास ठिपके कवचाच्या आतल्या बाजूस क्षार साचून झालेले आहेत हे कळते. अल्कलिनिटी आणि पीएच जास्त असलेल्या पाण्यात, तसेच काही जीवाणूंमुळेही, असेच ठिपके पडतात. पण त्या वेळी कोळंबी खाणे सोडत नाही, मर मोठी नसते आणि पुढची कात टाकल्यावर ठिपके बहुधा निघून जातात.

खरे लक्षण चेक ट्रेवर, म्हणजे खाणे तपासण्यासाठी तलावात ठेवलेल्या तबकावर, दिसते. एक-दोन दिवस खाणे अचानक वाढल्यासारखे वाटून नंतर एकदम कोसळते, असे अनेक प्रकल्पधारक सांगतात. वाढ प्रत्येक वेळी दिसेलच असे नाही, कोसळणे मात्र नक्की दिसते. त्यापाठोपाठ सुस्त कोळंबी भर दिवसा बांधाच्या कडेला येऊन थांबते आणि तिचे कवच सैल लागते. प्राणवायू कमी पडल्याने होणारी मर वेगळी ओळखता येते. ती पहाटे होते, कोळंबीबरोबर तलावातील मासेही वर येतात, आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) चालवून उजाडल्यावर उरलेली कोळंबी सावरते. विषाणूजन्य रोगात मासे धडधाकट असतात आणि उजाडल्याने काही फरक पडत नाही. वाढ खुंटलेली, आकार लहान-मोठा झालेला आणि पाण्यावर पांढऱ्या विष्ठेच्या दोऱ्या तरंगत असतील, पण मर रेंगाळत चाललेली असेल, तर संशय ईएचपी या सूक्ष्म परजीवीवर घ्यावा. त्याचा उपाय वेगळा आहे आणि या लेखाचा तो विषय नाही.

खात्री पीसीआरनेच होते, आणि नमुना चुकला तर अहवालही चुकतो. मेलेली, कुजू लागलेली कोळंबी पाठवण्यात अर्थ नाही. कडेला आलेली, अजून हालचाल करणारी कोळंबी घ्यावी. कल्ले आणि पोहण्याचे पाय कापून नमुन्याच्या दहापट, सुमारे ९५ टक्के शुद्धतेच्या अल्कोहोलमध्ये ठेवावेत. यकृत-स्वादुपिंडाच्या मुख्य पेशींत हा विषाणू वाढत नाही, आणि तो अवयव व डोळे या दोन्हींतील द्रव्ये चाचणीत अडथळा आणतात, म्हणून ते नमुन्यात घेऊ नयेत. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेला नमुना सूक्ष्मदर्शकासाठी चांगला असतो. पीसीआरसाठी तो वापरू नये. बाटलीवर तलावाचा क्रमांक, तारीख आणि बीज सोडल्यापासूनचा दिवस पेन्सिलीने लिहावा, कारण अल्कोहोलचा थेंब पडला की शाई पुसली जाते.

अहवाल येण्याआधीचे दोन दिवस

अहवालाची वाट पाहत हातावर हात ठेवून बसण्याइतका वेळ हा रोग देत नाही. संशय येताच त्या तलावाची आवक आणि निचरा दोन्ही बंद करावेत. उघाडी (बांधातील पाण्याचे दार) उघडून "जुने पाणी काढून ताजे घेण्याची" सवय अनेकांना असते. या परिस्थितीत तिच्याइतके नुकसानकारक दुसरे काही नाही. रोगट पाणी खाडीत गेले की पुढच्या भरतीला ते शेजाऱ्याच्या तलावात जाते, आणि त्यापुढच्या उधाणाला, शेजाऱ्याच्या खेकड्यांसह, परत आपल्याकडे येते. त्या तलावाचे जाळे, पाग (फेकजाळे), ट्रे, बादल्या आणि तेथे काम करणारा माणूस वेगळा करावा. मेलेली कोळंबी दिवसातून दोनदा वेचून काढावी, कारण तलावाच्या आत रोग पसरण्याचा मुख्य मार्ग मेलेली आणि मरणोन्मुख कोळंबी इतरांनी खाणे हा आहे. वेचलेली कोळंबी बांधावर फेकून बगळ्यांना मेजवानी देण्याऐवजी चुन्यासह खोल पुरावी. खाद्य निम्म्यावर आणावे किंवा थांबवावे, एरेटर चालू ठेवावेत.

मग काढणीचा निर्णय. कोळंबी विक्रीयोग्य काउंटची, म्हणजे आकाराची, असेल आणि बहुतांश अजून खात असेल, तर त्याच दिवशी पाग आणि ओढजाळ्याने, पाणी न सोडता, काढणी करून बर्फात घालावी. येथे घाई योग्य आहे. कोळंबी लहान असेल तर काढणीच्या मोहात पडू नये. मजुरी, बर्फ आणि वाहतूक वजा जाता फारसे काही उरत नाही आणि रोग गाडीबरोबर गावभर फिरतो. अशा वेळी तलाव तसाच ठेवून क्लोरीनने सर्व जिवंत कोळंबी मारणे, पाणी किमान सात दिवस कोंडून ठेवणे आणि क्लोरीन उडून गेल्याची खात्री झाल्यावरच ते सोडणे हाच सभ्य मार्ग आहे. २०१६ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या लोगन नदीकाठी हा रोग प्रथम निघाला, तेव्हा नदीकाठच्या सगळ्या कोळंबी प्रकल्पांतील साठा मारून तलावांवर क्लोरीनप्रक्रिया करण्यात आली होती. तरीही पुढे तो मोरेटन उपसागरातील रानटी कोळंबी आणि खेकड्यांत सापडला. विषाणू एकदा खाडीतील जिवांत गेला की त्याला परत बोलावता येत नाही, याचे हे उदाहरण आहे.

प्रतिजैविके या वेळी देऊ नयेत. विषाणूवर त्यांचा परिणाम होत नाही, आणि क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरानसारख्या बंदी असलेल्या औषधांचे अंश सापडल्यास निर्यातीचा माल परत येतो. "रोगप्रतिकारशक्ती वाढवणारी" म्हणून विकली जाणारी पाकिटे पिकाच्या सुरुवातीपासून वापरली तर काही प्रमाणात उपयोगी पडतीलही, पण मर सुरू झाल्यावर त्यांवर केलेला खर्च पाण्यात जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. रोगाची माहिती मत्स्यव्यवसाय विभागाला द्यावी. २०२३ पासून केंद्र सरकारचे "रिपोर्ट फिश डिसीज" हे मोबाइल ॲपही त्यासाठी उपलब्ध आहे.

पहिली मर कोणत्या दिवशी झाली

आता मूळ शोध. मर बीज सोडल्यापासून पहिल्या तीन-चार आठवड्यांत सुरू झाली असेल, तर बीज किंवा तलावाचा तळ यांच्यावर संशय घ्यावा. त्याच खेपेचे बीज घेतलेल्या इतर प्रकल्पांना फोन करावा. त्यांच्याकडेही त्याच सुमारास मर झाली असेल तर बीज दोषी. फक्त आपल्याकडे आणि तीही नेहमीच्याच तलावात झाली असेल तर तळ दोषी. मर चाळीस ते सत्तर दिवसांच्या दरम्यान असेल, तर त्याआधीच्या आठ-दहा दिवसांत पाणी घेतले होते का, शेजारी काढणी झाली होती का, बांधाला खांड गेली होती का, मुसळधार पाऊस पडला होता का, हे नोंदवहीत पाहावे. एका बाजूच्या बांधालगत पहिली मर दिसली असेल, तर तो बांध कशाला लागून आहे ते पाहावे; खाजणाच्या (भरतीच्या दलदलीच्या) बाजूचा असेल तर खेकडे, शेजारच्या तलावाच्या बाजूचा असेल तर झिरप आणि पक्षी. आवक नळाच्या तोंडाशी असेल तर पाणी. एकाच दिवशी अनेक तलावांत सुरू झाली असेल, तर सर्वांना समान असलेली गोष्ट शोधावी: एकच पंप, एकच पाग, एकच मजूर, एकच ताजे खाद्य. हा ठोकताळा आहे, नियम नाही. सौम्य संसर्ग असलेली कोळंबी आठवडेच्या आठवडे लक्षणांविना राहते आणि थंडी किंवा क्षारतेतील घसरण यांसारख्या ताणानंतर अचानक कोसळते, म्हणून दिवसांवरून काढलेला अंदाज पीसीआरने पडताळावा लागतो. पण ज्यांनी तीन पिकांच्या या नोंदी शेजारी-शेजारी मांडून पाहिल्या, त्यांना दरवेळी तीच वाट दिसते, असा अनुभव अनेकांचा आहे.

निगेटिव्ह अहवाल आणि तरीही रोगट बीज

"अहवाल निगेटिव्ह होता" या वाक्यावर थांबणे गरजेचे आहे, कारण त्याचा अर्थ नमुन्यात किती पिल्ले होती यावर ठरतो. खेपेतील दोन टक्के पिल्ले बाधित आहेत असे धरू. वीस पिल्लांचा नमुना तपासला तर त्यात एक तरी बाधित सापडण्याची शक्यता जेमतेम ३३ टक्के असते; १५० पिल्ले घेतली तर ती ९५ टक्क्यांवर जाते. बाधा अर्धा टक्काच असेल तर १५० पिल्लांच्या नमुन्यातही ती सापडण्याची शक्यता सुमारे ५३ टक्के आहे. एक हेक्टरच्या तलावात चौरस मीटरला तीस या दराने तीन लाख पिल्ले सोडली, तर अर्धा टक्का म्हणजे दीड हजार बाधित पिल्ले. तेवढी पुरतात.

म्हणून नमुना प्रत्येक टाकीतून वेगळा, किमान १५० पिल्लांचा, आणि प्रकल्पधारकाच्या स्वतःच्या माणसाने उचललेला असावा. हॅचरीने दाखवलेला कागद ही तिची जाहिरात समजावी. पिल्ले पीएल १० च्या पुढची, म्हणजे पोस्टलार्व्हा अवस्थेचे दहा दिवस ओलांडलेली, असावीत, कारण त्याआधीच्या अवस्थांत चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. फॉर्मेलिनचा सौम्य ताण देऊन मगच चाचणी केली तर दबलेला संसर्ग उघड होण्याची शक्यता वाढते; कमकुवत पिल्लेही त्यातच मरतात, हा दुसरा फायदा. "सौम्य पॉझिटिव्ह आहे, चालेल" असे म्हणून सवलतीच्या दरात मिळणारे बीज कोणत्याही भावात महाग असते. प्रत्येक खेपेतील थोडी पिल्ले अल्कोहोलच्या बाटलीत भरून पीक संपेपर्यंत जपून ठेवावीत. नंतर वाद झाला, किंवा शोध घ्यायचा ठरला, तर ती बाटली तपासता येते.

व्हेनामीचा जनक साठा परदेशातून येतो आणि चेन्नईजवळ नीलांकराई येथील विलगीकरण केंद्रातून जातो. तटीय जलकृषी प्राधिकरणाची नोंदणी असलेल्या हॅचरींनाच तो मिळतो. नोंदणी नसलेल्या ठिकाणी तलावातच वाढलेल्या कोळंबीपासून काढलेले स्वस्त बीज विकले जाते. आधीच्या पिकातील रोगातून वाचलेली कोळंबी आयुष्यभर विषाणू बाळगू शकते, आणि अशी कोळंबी जनक म्हणून वापरली तर विषाणू अंड्यांबरोबर पुढच्या पिढीत जातो.

तळ सुकला असे कधी म्हणावे

पुनरावृत्तीचे सर्वांत दुर्लक्षित कारण तळ आहे, असे मला वाटते, आणि कोकणात ते इतर किनाऱ्यांपेक्षा अधिक त्रासदायक आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने, म्हणजे सीबाने, केलेल्या प्रयोगांत उन्हात सुकवलेल्या गाळातील विषाणू १९ दिवसांपर्यंत कोळंबीला रोग देऊ शकला, आणि पाणी पूर्ण न काढता येणाऱ्या तलावासारख्या परिस्थितीत ३५ दिवसांपर्यंत. आपल्याकडील अनेक तलाव जुन्या खारबंदिस्तीच्या, म्हणजे बांध घालून खाडीपासून अडवलेल्या, जमिनीवर, भरतीच्या पातळीखाली खोदलेले आहेत. मधला भाग तडकतो, माणूस चालू शकतो, छायाचित्रही छान येते. पण निचरा नळाजवळचा खड्डा, एरेटरने खणलेली खळगी आणि बांधाच्या पायथ्याची चर यांत झिरपीचे पाणी उधाणाला भरत राहते. विषाणूला आणि त्याला बाळगणाऱ्या करंदीला तेवढी जागा पुरते. दोन पिकांमध्ये तीन आठवडे ऊन देऊनही रोग परत आला असेल, तर प्रथम या ओल्या जागा पाहाव्यात.

उपाय कष्टाचा आहे. मधोमध साचलेला काळा गाळ खरवडून बांधाबाहेर, पावसाने परत वाहून येणार नाही अशा ठिकाणी टाकावा. झिरप असलेल्या खळग्या पंपाने उपसून त्यांत ब्लीचिंग पावडर घालावी, आणि ती उडून गेल्यावर कळीचा चुना. हा क्रम उलटा करू नये. चुन्याने वाढलेल्या पीएचमुळे क्लोरीनची धार बोथट होते. विषाणू पीएच १२ ला दहा मिनिटांत निष्क्रिय होतो असे प्रयोगांत दिसले आहे, पण संपूर्ण तलावाच्या मातीचा पीएच तिथवर नेणे परवडत नाही, म्हणून चुना सर्वत्र पातळ पसरण्यापेक्षा ओल्या जागी दाट टाकावा. नांगरट करून खालचा थर वर आणला की सुकणे पुन्हा सुरू झाले असे मानावे आणि दिवस तेथून मोजावेत.

तलाव भरल्यावरची प्रक्रिया हिशेबाने करावी. एक हेक्टर तलावात एक मीटर पाणी म्हणजे दहा हजार घनमीटर. ६० पीपीएम (दशलक्षात ६० भाग) मात्रेने ६०० किलो ब्लीचिंग पावडर लागते. पावडरीत तीस टक्के क्लोरीन असेल तर पाण्याला प्रत्यक्षात १८ पीपीएम मिळते. पावसाळ्यात उघड्या पोत्यात राहिलेल्या पावडरीत ते प्रमाण निम्म्यावर आलेले असू शकते, आणि मग तेवढीच पोती ओतूनही नऊच पीपीएम मिळते. अनेक "क्लोरीन करूनही रोग आला" अशा तक्रारींच्या मुळाशी इतकी साधी गोष्ट असते. पावडर सायंकाळी टाकावी, कारण ऊन क्लोरीन खाते. अर्ध्या-एक तासाने क्लोरीन तपासणी संचातील द्रावणाने शिल्लक क्लोरीन मोजावा. रंग आलाच नाही तर सेंद्रिय घाणीने तो सगळा शोषला असे समजून मात्रा वाढवावी. नंतर दोन-तीन दिवस एरेटर चालवून क्लोरीन शून्यावर आला की मगच पाणी संवर्धनासाठी घडवायला घ्यावे. या प्रक्रियेचा मुख्य हेतू पाण्यातील मुक्त विषाणू मारणे हा नसून त्याला बाळगणारे जवळा, करंदी आणि खेकड्यांची पिल्ले मारणे हा आहे. यजमान मिळाला नाही तर तलावाच्या पाण्यातील विषाणू काही दिवसांतच निष्प्रभ होतो.

बांध, चिंबोऱ्या आणि पाणी

खाजणालगतच्या बांधांत चिंबोऱ्यांची बिळे असतात हे सर्वांना माहीत आहे. त्यांतून झिरप होते म्हणून ती बुजवलीही जातात. रोगाच्या दृष्टीने मात्र तलावाच्या आतल्या बाजूची बिळे अधिक महत्त्वाची. तलाव आटताच आतील खेकडे ओल्या बिळांत जातात, तळ तापत असताना तेथे आरामात राहतात, आणि पाणी भरताच परत येतात. क्लोरीनचे पाणीही बिळाच्या टोकापर्यंत जात नाही. प्रत्येक बिळात कळीचा चुना किंवा ब्लीचिंग पावडर भरून चिखलाने तोंड बंद करावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी मारावी; उघडलेली बिळे जिवंत समजावीत. नंतर तलावाभोवती गुळगुळीत प्लॅस्टिकचे सुमारे दीड फूट उंचीचे कुंपण, खालची कड मातीत गाडून, लावावे. नायलॉनच्या जाळीवरून चिंबोरी चढते, प्लॅस्टिकवरून घसरते.

गोव्यातील खाजनांत आणि आपल्याकडील खारबंदिस्तीत उघाडीतून, तिकडच्या भाषेत मानशीतून, भरतीबरोबर आत येणारी कोळंबी पकडण्याची रीत जुनी आहे. त्या पद्धतीत खाडीतील जीव आत येणे हेच पीक असते. बीज विकत घेऊन दाट संवर्धन करणाऱ्याला ते परवडत नाही, तरी एखाद्या उधाणाला उघाडी थेट तलावात उघडण्याचा मोह अजून सुटलेला नाही. पाणी आधी साठवण तलावात घ्यावे, पंपाच्या तोंडाशी ६० मेशची, म्हणजे बारीक जाळीची, दुहेरी पिशवी लावावी, तेथे क्लोरीन करून मगच संवर्धन तलावात द्यावे. साठवण तलावासाठी जागा द्यायला कोणी तयार नसतो. माझा सल्ला असा की चारपैकी एक तलाव बीजाविना ठेवून तीन तलाव वाचवावेत. पिशवी फाटली आहे का, हे प्रत्येक वेळी पाहावे. बाष्पीभवनाची आणि झिरपीची भरपाई सोडल्यास पहिले दोन महिने पाणी बदलूच नये.

शेजारी चिंबोरी संवर्धनाचे प्रकल्प वाढत आहेत, विशेषतः सिंधुदुर्गात, आणि उपजीविकेच्या दृष्टीने ते चांगलेच आहे. पण कोळंबीच्या तलावांच्या आवक चरावरच खेकडे पाळणे हे विषाणूला घर बांधून देण्यासारखे आहे. जागा एकच असेल तर दोन्हींपैकी एक निवडावे. त्याचप्रमाणे कोळंबीची डोकी, ताजा किंवा गोठवलेला जवळा आणि कच्चे खेकडे खाद्य म्हणून देऊ नयेत. गोठवल्याने हा विषाणू मरत नाही.

पक्ष्यांविषयी थोडे. बगळे आणि पाणकावळे मेलेली कोळंबी उचलून दुसऱ्या तलावावर टाकतात, म्हणून तलावांवर आडवे दोरे किंवा जाळी ताणावी. काढणी करणारी टोळी, तिची जाळी आणि क्रेट हा त्याहून मोठा धोका आहे, कारण ती आज एका प्रकल्पावर आणि उद्या दुसऱ्यावर असते, आणि रोगाच्या दिवसांत तर ती नेमकी रोगट तलावांवरून आलेली असते. जाळी आपली असावीत; बाहेरची असतील तर क्लोरीनच्या द्रावणात बुडवून, उन्हात वाळवून मगच तलावात उतरू द्यावीत. खरेदीदाराला याचा राग येतो, तो येऊ द्यावा.

हंगाम, शेजार आणि एक पीक सोडणे

या रोगाचे उद्रेक साधारण १६ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात होतात; पाणी ३२-३३ अंशांवर टिकले तर मर लक्षणीय घटते, हे व्हेनामीवरील प्रयोगांत दिसले आहे. उघड्या तलावाचे तापमान आपल्या हाती नाही, हंगाम मात्र आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बीज सोडून जोरदार पावसाआधी काढलेले पीक तुलनेने सुरक्षित राहते. जूनमधील पहिल्या मुसळधार सरींत वरचा थर गोडा आणि थंड होतो, क्षारता आणि पीएच एकदम उतरतात, कोळंबी मोठ्या संख्येने कात टाकते, आणि दबलेला संसर्ग याच आठवड्यात उफाळतो. पावसाळ्यानंतरच्या पिकाला डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींची थंडी भोवते, पालघरच्या उत्तर भागात अधिक. ज्या प्रकल्पात दोन वर्षे फक्त दुसरेच पीक जात आहे, त्याने ते पीक विरळ, चौरस मीटरला दहा-पंधराच्या दराने, घ्यावे किंवा सोडून द्यावे. तटीय जलकृषी प्राधिकरणाने व्हेनामीसाठी चौरस मीटरला साठ ही कमाल मर्यादा घातलेली आहे. रोगग्रस्त इतिहास असलेल्या तलावात त्या मर्यादेजवळ जाण्याचे काही कारण नाही.

एकाच खाडीवर पाणी घेणाऱ्यांनी बीज सोडण्याच्या तारखा जवळ-जवळ ठेवणे, रोग निघाल्यास त्याच दिवशी एकमेकांना कळवणे आणि रोगट तलावाचे पाणी ठरलेल्या दिवशीच सोडणे, या तीन गोष्टी आंध्र प्रदेशातील शेतकरी गटांनी एमपीईडाच्या, म्हणजे सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाच्या, मार्गदर्शनाखाली राबवल्या आणि त्यांचा उपयोग झाला. आपल्याकडे रोग लपवण्याकडे कल असतो, कारण व्यापारी भाव पाडतो. त्यावर तोडगा म्हणून हे आपसातले कळवणे गटापुरते आणि तोंडी ठेवले तरी चालते. शेजाऱ्याला आठ दिवस पंप बंद ठेवायचा आहे एवढेच समजले पाहिजे.

सलग तीन पिकांत रोग आलेल्या तलावासाठी कोळंबीला एक हंगाम विश्रांती देऊन जिताडा सोडणे हा मला पटलेला मार्ग आहे. माशाला हा विषाणू लागत नाही, आणि जिताडा तलावात उरलेली करंदी, जवळा व खेकड्यांची पिल्ले खाऊन टाकतो. रायगडच्या पेण-अलिबाग भागात जिताड्याचे तलाव पूर्वीपासून आहेत, त्यामुळे बाजारपेठ शोधावी लागत नाही. मात्र मोठे मासे लहानांना खातात, म्हणून आकारानुसार निवड करत राहावे लागते. त्या हंगामात तलावाला पाणी घेताना पिशवी आणि कुंपण तसेच ठेवावे, नाहीतर खाडीतून नवे खेकडे येत राहतात आणि विश्रांती वाया जाते. जिताड्याची काढणी झाल्यावर बांधातील काही चिंबोऱ्या आणि चरातील करंदी पकडून त्यांचे पीसीआर करून घ्यावे. त्यांत विषाणू सापडला तर बिळांची फेरी पुन्हा सुरू करावी आणि हॅचरीकडे बीजाची मागणी पुढच्या खेपेवर ढकलावी.